प्राचीन ग्रीक कांस्य नाणं: वजनावरून त्याचं मूल्य कसं ओळखायचं

अक्रागास हे सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावरचं ग्रीक शहर. तिथल्या एका कांस्य नाण्यावर पुढे शिकार पकडलेला गरुड आहे, मागे खेकडा, आणि खेकड्याभोवती सहा ठिपके. वजन साधारण १५ ते २० ग्रॅम. त्याच बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर हिमेरा. तिथल्या एका नाण्यावर पुढे जलदेवतेचं मुख आहे आणि मागे पानांच्या माळेत सहा ठिपके. याचं वजन मात्र जेमतेम ४-५ ग्रॅम. दोन्ही नाणी इ.स.पू. ५ व्या शतकाच्या शेवटच्या दशकांतली. सहा ठिपके म्हणजे सहा ओंकिया, आणि बारा ओंकियांची एक लित्रा. म्हणजे दोन्ही नाणी ‘अर्धी लित्रा’च. एक दुसऱ्याच्या तिपटी-चौपटीने जड, तरी नाव एकच.

‘माझ्याकडचं नाणं ५.८ ग्रॅमचं आहे, तर ते कुठलं?’ असं कोणी विचारलं की मी आधी ही जोडी सांगतो. नुसत्या आकड्यावरून उत्तर देता येत नाही. पण नाणं कोणत्या राजाचं किंवा शहराचं, कोणत्या काळातलं आणि कोणत्या छापाचं हे एकदा कळलं, की तोच आकडा फार कामाचा ठरतो. आधी घराणं, मग वजन, आणि नाव सर्वांत शेवटी. हा क्रम पाळला तर नवशिक्यालाही बहुतेक नाणी नीट लावता येतात. उलटा क्रम धरला की चुका होतात, आणि त्या चुका पुढे कॅटलॉगांत, लिलावाच्या यादीत, संग्रहाच्या पाकिटांवर वर्षानुवर्षं राहतात.

कांस्याचं वजन सैल का असतं

चांदीच्या नाण्याची किंमत त्यातल्या चांदीची असे. अथेन्सची द्राख्मा ४.३ ग्रॅमच्या आसपास भरायची आणि टाकसाळ एकेका नाण्याकडे लक्ष द्यायची, कारण कमी चांदी म्हणजे घेणाऱ्याचं सरळ नुकसान. कांस्याचं तसं नव्हतं. त्याची किंमत शहराच्या शब्दावर चाले. टाकसाळीत एकेक चकती तोलली जात नसे. ‘एवढ्या धातूतून एवढी नाणी’ हा हिशेब जुळला की काम झालं. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच ठशातून निघालेल्या दोन नाण्यांत १५-२० टक्के फरक सहज सापडतो. जुन्या शिवराया ज्यांनी तोलून पाहिल्या आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

सेस्तोस या शहराचा एक शिलालेख यासंबंधी फार मोलाचा आहे. मेनास नावाच्या नागरिकाच्या गौरवाचा तो ठराव, इ.स.पू. २ ऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला. शहराने स्वतःचं कांस्य नाणं का पाडलं याची दोन कारणं त्यात सांगितली आहेत: शहराची स्वतःची खूण असलेलं नाणं चालावं, आणि त्यातून होणारा नफा लोकांच्या पदरात पडावा. नफा आहे याचा अर्थ दर्शनी किंमत धातूच्या किमतीहून जास्त आहे. मग अर्धा-पाऊण ग्रॅम इकडेतिकडे झाला तर कोणाचं काहीच बिघडत नव्हतं. तुमच्या काट्यावरचा आकडा वाचताना हे सतत लक्षात ठेवायचं. दोन दशांशांपर्यंत तोलायचं, पण निष्कर्ष मात्र दोन दशांशांवर काढायचा नाही.

काटा आणि तोलण्याची पद्धत

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा इथे उपयोगाचा नाही. सोनारकामासाठी मिळतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या, १०० किंवा २०० ग्रॅम क्षमतेचा. इजिप्तच्या टॉलेमी राजांची मोठी नाणी ७० ग्रॅमची असतात, काही तर ९० च्या वर जातात, म्हणून ५० ग्रॅमचा काटा अपुरा पडतो.

काटा सपाट, न हलणाऱ्या जागी ठेवा आणि पंखा बंद करा. पंख्याच्या वाऱ्याने शेवटचा आकडा नाचत राहतो आणि दोष काट्याला दिला जातो. काट्यासोबत आलेल्या प्रमाणित वजनाने आधी तपासणी करा. ते हरवलं असेल तर ढोबळ खात्रीसाठी २०११ च्या मालिकेतलं ५ रुपयांचं कमी वापरलेलं नाणं चालेल. ते ६ ग्रॅमचं आहे. नाणं तीनदा ठेवा, तीनदा उचला, तिन्ही आकडे लिहा. तिन्हींत ०.०२ पेक्षा जास्त फरक आला तर बॅटरी बदला.

व्हर्निअर कॅलिपरने व्यास दोन दिशांनी घ्या, कारण ग्रीक नाणं क्वचितच पूर्ण गोल असतं. जाडीही मोजा. कॅलिपरचा धातूचा जबडा कडेवर घासू देऊ नका. प्लॅस्टिकचा मिळाला तर उत्तम. पुढची बाजू सरळ धरून नाणं उभ्या अक्षाभोवती फिरवल्यावर मागच्या चित्राचं डोकं कुठे येतं तेही घड्याळाच्या काट्याप्रमाणे टिपून ठेवा: १२ वाजता, ६ वाजता, ३ वाजता. मूल्य ठरवताना हे थेट कामी येत नाही, पण नाणं कोणत्या टाकसाळीचं हे शोधताना मदत होते.

वजन कशाचं आलं: नाण्याचं की मातीचं

माझ्याकडच्या एका मॅसिडोनियन नाण्याचं वजन पहिल्या दिवशी ६.९१ ग्रॅम आलं. अक्षरांच्या खोबणीत आणि घोड्याच्या पायांमध्ये तपकिरी माती दगडासारखी बसली होती. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून, पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलत, बांबूच्या टोकदार काडीने सुटेल तेवढीच माती काढली. दीड महिन्याने वजन ६.३४ भरलं. अर्ध्या ग्रॅमहून जास्त तर निव्वळ माती होती. पहिल्या आकड्यावर विसंबून मी ते नाणं ‘जड वजनाच्या सुरुवातीच्या गटातलं’ म्हणून वेगळं काढून ठेवलं होतं.

म्हणून तोलण्याआधी भिंगाखाली बघा. माती चिकटलेली आहे का, कडेचा तुकडा उडालाय का, पृष्ठभागावर खड्डे आहेत का, आरपार छिद्र आहे का. यातलं काहीही असेल तर वजनापुढे तशी नोंद करा. वर बसलेला घट्ट हिरवा किंवा काळा थर मात्र काढायचा नाही; चित्र त्या थरातच शिल्लक असतं. लिंबू, चिंच, व्हिनेगर, पितांबरी यांतलं काहीही प्राचीन नाण्याला लावू नका. तांब्याची कळशी चिंचेने चकचकीत होते, नाण्याचा मात्र चेहरा जातो.

फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली तर तो कांस्यरोग. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तो फार लवकर वाढतो. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं करा, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डबीत ठेवा. धातूच झडत असल्यामुळे त्याच्या वजनाचा तुलनेत उपयोग करू नका.

घनता तपासायची सोपी युक्ती आहे. काट्यावर पाण्याचा कप ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं लोंबकळत धरा. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. ६.१२ ग्रॅमचं नाणं पाण्यात ०.७० दाखवत असेल तर घनता ८.७४. चांगल्या कांस्याची घनता साधारण ८.७ ते ८.९ असते, शिसं जास्त असेल तर वाढते, आत पोकळी किंवा गंज असेल तर घटते. ३ ग्रॅमच्या आतल्या नाण्यासाठी ही चाचणी करू नका, काट्याची चूकच उत्तरापेक्षा मोठी होते. कांस्यरोग झालेल्या नाण्यासाठी तर नाहीच.

घराणं शोधा

आता काटा बाजूला ठेवून नाणं वाचा. पुढे कोणाचं मुख आहे: सिंहाचं कातडं डोक्यावर घेतलेला हेराक्लीस, शिरस्त्राण घातलेली अथेना, शिंगं असलेला झ्यूस-अम्मोन? मागे काय आहे? अक्षरं किती वाचता येतात? ग्रीक नाण्यांवर राजाचं नाव बहुधा षष्ठीत असतं, म्हणजे ‘अमक्याचं’. नावाचा शेवट जरी उरला असला तरी उपयोग होतो. शिवाय रिकाम्या जागेतल्या बारीक खुणा बघा: एकात एक गुंतवलेली अक्षरं, तारा, पान, धान्याचं कणीस. टाकसाळीतल्या एका वेळच्या कामाची ती ओळख असते.

अमेरिकन न्युमिझ्मॅटिक सोसायटीचे खुले संग्रह यासाठी अतिशय उपयोगी आहेत: अलेक्झांडरच्या नाण्यांसाठी ‘पेला’ नावाचं संकेतस्थळ, सेल्युसिड राजांसाठी (अलेक्झांडरनंतर पश्चिम आशियावर राज्य करणारं ग्रीक घराणं) सेल्युसिड कॉइन्स ऑनलाइन, टॉलेमींसाठी टॉलेमेइक कॉइन्स ऑनलाइन, आणि बॅक्ट्रिया व इंडो-ग्रीक राजांसाठी वेगळा विभाग. रोमन काळातल्या ग्रीक शहरांसाठी रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज ऑनलाइन. नाशिकजवळ अंजनेरीला भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे. पुस्तकातली चित्रं आणि हातातलं नाणं यांची सांगड घालायला तिथली शिस्त शिकण्यासारखी आहे.

भावंडांची वजनं गोळा करा

एकट्या नाण्याचं वजन मुकं असतं. त्याच छापाची, त्याच राजाची, शक्यतो त्याच खुणेची नाणी शोधा आणि त्यांची वजनं लिहून काढा. तीस मिळाली तर उत्तम, पंधरा मिळाली तरी काम भागतं. संग्रहालयाच्या नोंदी आणि लिलावांचे जुने संग्रह दोन्ही वापरा, पण एकच नाणं दोनदा विकलं गेलेलं असू शकतं, म्हणून छायाचित्रं ताडून पाहा.

समजा, अलेक्झांडरच्या एका कांस्य प्रकाराची ही वजनं मिळाली (आकडे उदाहरणापुरते): ४.१, ५.२, ५.६, ५.८, ६.०, ६.१, ६.१, ६.३, ६.४, ६.७, ६.९, ७.३. सरासरी ६.०४ येते. पण ४.१ चं नाणं कडेला तुटलेलं आहे. ते काढलं की सरासरी ६.२२ होते. एका तुटक्या नाण्याने सरासरी एवढी हलली. आता वजनं चढत्या क्रमाने लावून मधोमधची बघा: बारा धरा किंवा अकरा, ६.१ च राहते. म्हणून कांस्यासाठी सरासरीपेक्षा मधली किंमत भरवशाची.

त्याहून चांगलं म्हणजे चौकटीच्या वहीत चित्र काढणं. खाली अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमचे कप्पे पाडा, प्रत्येक नाण्यासाठी त्या कप्प्यावर एक चौकोन रंगवा. ६ ग्रॅमच्या नाण्यांना अर्ध्या ग्रॅमचा कप्पा ठीक, दीड ग्रॅमच्या नाण्यांना ०.२ चा घ्या, ७० ग्रॅमवाल्यांना ३ ते ४ ग्रॅमचा. एकच उंचवटा आला तर एकच मूल्य. दोन वेगळे उंचवटे आले तर थांबा, इथे खरा विचार लागतो. ती दोन वेगळी मूल्यं असू शकतात, किंवा एकाच मूल्याचं वजन काही वर्षांनी उतरवलेलं असू शकतं. बहुतेक ग्रीक टाकसाळी मूल्य बदललं की चित्रही बदलायच्या, म्हणजे निरक्षर माणसालाही नाणं ओळखता यावं. त्यामुळे हलक्या गटाचं चित्र वेगळं असेल तर मूल्य वेगळं मानायला हरकत नाही. चित्र तेच, पण कोरीवकाम उतरलेलं आणि खुणा नंतरच्या, तर वजन उतरवलेलं असण्याची शक्यता जास्त.

अलेक्झांडरच्या बाबतीत ओळख सोपी आहे. पुढे हेराक्लीस, मागे राजाचं नाव आणि त्याच्या वर-खाली गदा व म्यानातलं धनुष्य: हे बहुधा ५ ते ७ ग्रॅमचं, १७ ते २० मिलिमीटरचं. याच्या निम्म्या आणि पाव वजनाचीही नाणी आहेत. कॅटलॉग त्यांना ‘एकक’, ‘अर्धं’, ‘पाव’ एवढंच म्हणतात, कारण त्या काळी लोक त्यांना काय म्हणत हे नाण्यावर लिहिलेलं नाही. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

व्यासावरून ताळा घ्यायचा असेल तर हे लक्षात ठेवा: वजन निम्मं झालं म्हणून व्यास निम्मा होत नाही. १८ मिलिमीटरच्या नाण्याचं निम्म्या वजनाचं भावंड साधारण १३ ते १४ मिलिमीटरचं असेल.

टॉलेमींची शिडी

वजनाची पद्धत सर्वांत सुंदर चालते ती इजिप्तच्या टॉलेमी राजांच्या नाण्यांवर, कारण तिथे चित्र जवळपास बदलतच नाही. पुढे झ्यूस-अम्मोनचं दाढीवालं मुख, मागे वज्रावर उभा गरुड. तळहात भरेल एवढ्या नाण्यावरही तेच आणि करंगळीच्या नखाएवढ्यावरही तेच. मूल्य कळणार ते आकारावरून आणि वजनावरूनच. ही मोठी कांस्य नाणी दुसऱ्या टॉलेमीने इ.स.पू. २६० च्या सुमारास सुरू केली आणि तिसऱ्याने पुढे चालवली.

यातलं मोठं नाणं हातात घेण्याचा अनुभव वेगळाच असतो. ४२ मिलिमीटर व्यास, ७० ग्रॅम वजन. तळहातावर ठेवलं की हात किंचित खाली जातो. दोन्ही बाजूंच्या मध्यभागी मसुराच्या दाण्याएवढा खळगा असतो. नवखा माणूस त्याला कोणीतरी नंतर पाडलेला खड्डा समजतो आणि घाबरतो. तो टाकसाळीतलाच आहे: कोरी चकती मध्यावर धरून, फिरवून घासली जायची, त्याची ती खूण. अस्सल नाण्यावर ती असायलाच हवी असं नाही, पण असली तर दचकायचं कारण नाही.

आता हिशेब करा. ७० ग्रॅमचं ते द्राख्मा मानलं आणि द्राख्म्याचे सहा ओबोल धरले, तर एक ओबोल ११.७ ग्रॅमचा व्हायला हवा. आणि ११-१२ ग्रॅमचा मोठा गट प्रत्यक्षात सापडतो. दोन ओबोल २३, तीन ओबोल ३५, चार ओबोल ४६ च्या आसपास; हेही गट सापडतात. ओबोलाचे आठ खाल्कोई (एकाला खाल्कूस म्हणतात), म्हणून खाली अर्धा ओबोल ५.८, दोन खाल्कोई २.९, एक खाल्कूस १.४ ग्रॅम. एक पायरी मानली की बाकीच्या आपोआप जागेवर येतात, म्हणून ही नावं रूढ झाली. तरी ती आधुनिक अभ्यासकांनी वजनावरून बसवलेली आहेत, नाण्यावर लिहिलेली नाहीत, आणि त्यांबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. अथेन्समध्ये ओबोलाचे आठ खाल्कोई असत म्हणून सगळीकडे तसंच असेल असंही नाही. डेल्फीत ओबोलाचे बारा होते.

झिजलेलं नाणं कोणत्या पायरीचं हे ठरवताना एक गोष्ट विसरू नका: माती काढून टाकलेली असेल तर झिजेने नाण्याचं वजन घटतं, वाढत नाही. ६२ ग्रॅमचं नाणं ७० च्या पायरीचं, कारण खालची पायरी थेट ४६ वर आहे. ९.५ ग्रॅमचं नाणं ओबोलच. २ ग्रॅमचं झिजकं नाणं मात्र अडवतं, ते २.९ मधून घटलेलं की १.४ च्या गटातलं जड नाणं? अशा वेळी व्यास आणि जाडी बघा, आणि गरुडाच्या दोन पायांमधली खूण तपासून त्याच खुणेच्या धडधाकट नाण्यांशी ताडा. शंका उरली तर मी वरची पायरी धरतो आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकतो.

जिथे ही पद्धत फसते

त्याच राजघराण्याची शेवटची राणी सातवी क्लिओपात्रा. तिच्या कांस्य नाण्यावर पुढे तिचं मुख, मागे गरुड आणि गरुडासमोर एक अक्षर. दोन उभ्या काठ्यांवर आडवी काठी असलेलं ‘पी’ असेल तर ते ८०, आणि इंग्रजी एमसारखं ग्रीक अक्षर ‘मी’ असेल तर ४०. ग्रीक लोक अक्षरांनीच आकडे लिहीत. ८० वालं नाणं साधारण १६ ते २० ग्रॅमचं, ४० वालं त्याच्या निम्मं, ९ च्या आसपास. हे आकडे द्राख्म्यांचे आहेत. तिसऱ्या टॉलेमीच्या काळात ९-१० ग्रॅमचं झिजकं नाणं एक ओबोल ठरतं; क्लिओपात्राच्या काळात तेवढ्याच वजनाचं नाणं ४० द्राख्मा. मधल्या दोन शतकांत कांस्यातल्या हिशेबाची पद्धतच बदलून गेली होती. एकाच देशात, एकाच घराण्यात, गरुडाच्याच छापाखाली हे झालं. घराणं कळलं तरी काळ कळायलाच हवा, तो यासाठी.

सिराक्यूजचं उदाहरण वेगळ्या प्रकारचं. अथेनाचं मुख आणि मागे दोन डॉल्फिनांमध्ये तारामासा असलेलं तिथलं जाड नाणं ३० ग्रॅमच्या आसपास भरतं. इ.स.पू. ४ थ्या शतकात सिसिलीतल्या इतर शहरांनी हीच नाणी घेऊन त्यांवर स्वतःचे ठसे मारले. अशा नाण्याचं वजन नव्या शहराचं नसतं, जुन्या सिराक्यूजचं असतं. नाणं तिरप्या उजेडात धरून हळूहळू फिरवा. वरच्या चित्राखाली डॉल्फिनाची पाठ किंवा शिरस्त्राणाची कड दिसली तर ते वजन त्या शहराच्या यादीत सरसकट घेऊ नका.

नाव कधी द्यायचं

नाण्यावरच मूल्य सांगितलेलं असेल तर नाव बिनधास्त द्या. सिसिलीतले ठिपके हा त्यातला जुना आणि स्पष्ट पुरावा: एक ठिपका ओंकिया, दोन हेक्सास, तीन तेत्रास, चार त्रियास, सहा अर्धी लित्रा. इथे एक सापळा आहे. तेत्रास या नावात चार ऐकू येतात म्हणून लोक ते चार ठिपक्यांना लावतात. पण तेत्रास म्हणजे लित्रेचा चौथा भाग, म्हणजे तीन ओंकिया. आणि त्रियास म्हणजे तिसरा भाग, म्हणजे चार. कॅटलॉगांतही ही अदलाबदल दिसते, म्हणून नावाऐवजी ठिपके मोजून लिहिणं सुरक्षित.

रोमन काळातल्या खिऑस बेटाने तर सरळ शब्दांत मूल्यं लिहिली: असारिऑन (रोमन काळातलं कांस्य नाण्याचं एक मूल्य), दोन असारिया, तीन असारिया, ओबोल, तीन खाल्कोई, दोन खाल्कोई. मूल्य शिकायला सुरुवात करायची असेल तर मी खिऑसपासून करा म्हणेन, कारण तिथे नाव आणि वजन दोन्ही समोर असतात.

लिहिलेलं नसेल तर पायरी सांगा, नाव नको. सेल्युसिड राजांच्या नाण्यांचा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा कॅटलॉग मूल्यांना रोमन वर्णमालेतली अक्षरं देतो, ए, बी, सी, डी अशी. ‘दिखाल्कोन’ (म्हणजे दोन खाल्कोई) असं भारदस्त नाव पाकिटावर शोभून दिसतं, पण सेल्युसिड नाण्यापुढे ‘मूल्य बी’ लिहिणारा माणूस जास्त खरं बोलतो.

आपल्याकडची ग्रीक नाणी

भारतातल्या संग्राहकाच्या हाती येतात ती बहुधा इंडो-ग्रीक. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात भरूचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर यांच्या नावांची जुनी द्राख्मा नाणी चालत असल्याचं नोंदलं आहे. ती चांदीची. कांस्याची गोष्ट निराळी. मिनँडरचं, म्हणजे ‘मिलिंदपञ्ह’मधल्या मिलिंद राजाचं, एक छोटं चौकोनी नाणं बरंच आढळतं: पुढे गळ्यात घंटा असलेलं हत्तीचं मुख, मागे गदा, वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. अपोलोडोटसचं चौकोनी नाणं त्याहून बरंच मोठं: पुढे बाण घेतलेला अपोलो आणि ग्रीक अक्षरं, मागे तिवई आणि खरोष्ठीत ‘महरजस अपलदतस त्रतरस’.

नाणं चौकोनी आहे हीच पहिली सूचना. तो आकार भारतीय परंपरेतून आला, आणि वजनाचं मापही भारतीय वळणाचं आहे. अशा नाण्यावर खाल्कूस-ओबोल ही अथेन्सची नावं चिकटवण्याचा मोह टाळा. इथेही पद्धत तीच: एका राजाची चौकोनी नाणी एकत्र करा, गोल नाणी वेगळी ठेवा, हत्तीवाली वेगळी, अपोलोवाली वेगळी, आणि प्रत्येक गटाची मधली किंमत काढून त्यांचं एकमेकांशी प्रमाण बघा.

पाकिटावर काय लिहायचं

सगळं झाल्यावर नोंद अशी करा की दहा वर्षांनी दुसऱ्याला तुमचा विचार तपासता यावा. वजन, दोन्ही व्यास, जाडी, अक्षाची दिशा, मग अवस्था, मग ओळख, तुलनेची नाणी किती आणि त्यांची मधली किंमत, आणि शेवटी मूल्य, कोणत्या पुराव्यावर ठरवलं त्यासह. नाणं कुठून, कधी, कोणत्या पावतीवर घेतलं तेही लिहा. १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत सापडलेल्या १० रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची खबर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

मातीवाल्या त्या मॅसिडोनियन नाण्याचं पाकीट आता असं आहे:

‘दुसरा फिलिप, मॅसिडोनिया. पुढे केसांना पट्टी बांधलेलं तरुण मुख, मागे घोडेस्वार, घोड्याखालची खूण अस्पष्ट. ६.३४ ग्रॅम (साफ करण्याआधी ६.९१). १७.५ × १८.१ मिमी, जाडी ३.४ मिमी. अक्ष ११ वाजता. कड शाबूत, खोबणीत थोडी माती शिल्लक. तुलनेला २२ नाणी, मधली किंमत ६.२. एकक. मूल्याचं नाव: नाण्यावर नाही.’